मुडदुशी की नगली?

आज मालवणच्या मासळीबाजारात मावशींच्या पाटीत बोटभर लांब, चंदेरी, निमुळत्या तोंडाची मासळी दिसली. मी म्हटलं, "नगली कशी दिली?" मावशी क्षणभर थांबल्या. "नगली? मुडदुशी गो ती!"

मुंबईतली आमची नगली इथे मुडदुशी, गोव्यात मुडदोशी आणि खाली मंगळूरकडे काणे. इंग्रजीत लेडीफिश. मासा एकच. किनाऱ्यालगत, खाडीच्या तोंडाशी वाळूच्या तळावर राहणारा. जाळं ओढलं की वाळूत शिरून बसतो, म्हणूनच हातून सुटतो.

मावशींनी एक उचलून दाखवली. पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरंफेक, खवले इतके बारीक की बोटाला जेमतेम जाणवतात. मग हळूच म्हणाल्या, "आजाऱ्याक, बाळंतिणीक हीच देवची. हलकी." माझ्या आजीनेही आईला बाळंतपणात हिचंच पातळ कालवण दिलं होतं. आजी मात्र नगलीच म्हणायची.

नावं बदलली, पण आजारी माणसाच्या ताटात वाढायचा मासा दोन्हीकडे तोच निघाला, याचा मला फार आनंद झाला. अर्धा डझन घेतल्या. रव्यात घोळवून तळल्या, दोन आईसाठी बाजूला ठेवल्यात.

तुमच्या गावात हिला काय म्हणतात? नक्की लिहा, मला ही नावं जमवायची आहेत.