सतरा-सी जुळेपर्यंत : मतदान केंद्र ते मतमोजणीचं टेबल

केंद्राध्यक्ष म्हणून तीनदा आणि मतमोजणी पर्यवेक्षक म्हणून दोनदा ड्यूटी केली, तेवढ्या भांडवलावर हे लिहितोय. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर एक गोष्ट पक्की कळली. मोजणीच्या टेबलावर जी भानगड निघते, ती बहुतेक वेळा मतदानाच्या दिवशी केंद्रावरच झालेली असते. सतरा-सी म्हणजे नमुना १७-सी, केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांच्या हिशेबाचा कागद. पुढचं सगळं लोकसभा-विधानसभेचं आहे. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची चिठ्ठी छापणारं यंत्र) नसतं आणि नमुनेही वेगळे असतात. दोन्हींची डोक्यात सरमिसळ होऊ देऊ नये.

आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेताना कंट्रोल युनिट (सीयू, मतं साठवून मोजणारं), बॅलट युनिट (बीयू, मतदार ज्याचं बटण दाबतो ते) आणि व्हीव्हीपॅट यांचे अनुक्रमांक आपल्या केंद्राच्या यादीशी आणि ॲड्रेस टॅगशी (युनिटला बांधलेलं केंद्राच्या तपशिलाचं लेबल) ताडून घ्यायचे. मशीन जोडून 'चालतंय का' हे बघण्याचा मोह सगळ्यांना होतो, वाटप केंद्रावरही आणि रात्री शाळेच्या खोलीत पोचल्यावरही. ते करायचं नाही. व्हीव्हीपॅटच्या मागची कळ आडवी असली की ते प्रवासासाठी लॉक असतं, उभी केली की चालू स्थितीत येतं. सकाळी केंद्रावर मांडणी होईपर्यंत ती आडवीच राहू द्यावी. टेबलाची जागा मात्र रात्रीच ठरवून ठेवा. व्हीव्हीपॅट ट्यूबलाइटखाली किंवा उन्हाच्या तिरिपेत आलं तर एरर देतं, आणि शाळेतल्या पूर्वेच्या खिडकीतून सकाळी किती ऊन येतं हे रात्री कळत नाही.

मतदान सातला असेल तर अभिरूप मतदान, म्हणजे सगळे म्हणतात ते मॉकपोल, साडेपाचला सुरू करायचं. किमान दोन उमेदवारांचे प्रतिनिधी हजर हवेत. नसतील तर १५ मिनिटं थांबायचं आणि मग सुरू करायचं, ताटकळत बसायचं नाही. बीयूची केबल व्हीव्हीपॅटला, व्हीव्हीपॅटची सीयूला आणि स्विच सगळ्यात शेवटी. सीयू चालू असताना केबल काढली-घातली की लिंक एरर आलाच म्हणून समजा. चालू केल्यावर व्हीव्हीपॅट स्वतःच्या तपासणीच्या ७ चिठ्ठ्या छापून पेटीत टाकतं. त्यांवर उमेदवार नसतो, ती मतं नव्हेत. हे आधी सांगितलं नाही तर पेटी उघडल्यावर प्रतिनिधी 'सात जास्त कशा?' म्हणून हटकतात, आणि त्यांचं चुकत नाही.

मॉकपोलमध्ये कमीत कमी ५० मतं द्यायची आणि नोटासह प्रत्येक बटण किमान एकदा दाबलं गेलंच पाहिजे. २०२४ च्या लोकसभेला बीडमध्ये ४१ उमेदवार होते. नोटा धरून ४२ बटणं, एका बीयूवर १६, म्हणजे तीन बीयू. तिथे ५० पैकी ४२ मतं एकेका बटणालाच गेली असणार. ही मतं पडत असताना एका मतदान अधिकाऱ्याने मतदान कक्षापाशी उभं राहून कागदावर रेघा मारत जायचं, कोणी कोणतं बटण दाबलं ते. शेवटी तीन आकडे शेजारी मांडायचे: रेघांचे, सीयूच्या निकालाचे आणि चिठ्ठ्यांचे. तिन्ही जुळले तरच पुढे.

त्यानंतर सीयूवरची तीन बटणं याच क्रमाने: क्लोज, रिझल्ट आणि मॉकपोलची मतं पुसणारं क्लिअर. प्रशिक्षणात 'सीआरसी' म्हणून घोकून घेतात आणि तरीही दरवेळी कुठल्या तरी केंद्रावर क्लिअर राहतंच. कारण सरळ आहे. निकाल दाखवला की काम झाल्यासारखं वाटतं, पावणेसात वाजलेले असतात आणि दाराशी रांग लागलेली असते. माझी सवय अशी: क्लिअर दाबल्यावर टोटल दाबून शून्य प्रत्येक प्रतिनिधीला दाखवायचं, आणि त्यानंतरच मॉकपोलच्या प्रमाणपत्रावर सही करायची आणि घ्यायची. सही आधी आणि शून्य नंतर, असं कधीच नाही.

पेटीतल्या चिठ्ठ्या काढायलाही तितकीच लोकं विसरतात. त्या सगळ्या बाहेर काढून प्रत्येकीच्या मागे मॉकपोलचा शिक्का मारायचा, जाड काळ्या कागदाच्या पाकिटात घालून ते लाखेने सील करायचं, पाकिटावर सह्या, मग पाकीट त्यासाठी दिलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात आणि डब्यावर गुलाबी कागदी सील. रिकामी पेटी प्रतिनिधींना दाखवून, बंद करून ॲड्रेस टॅगने सील. सीयूच्या रिझल्ट भागावर हिरवं कागदी सील लागतं. त्याचा क्रमांक मोठ्याने वाचा आणि प्रतिनिधींना लिहून घ्यायला सांगा. मोजणीच्या दिवशी त्यांच्या पक्षाचा माणूस तोच क्रमांक बघणार असतो.

मतदान सुरू झाल्यावर हिशेबाचा धागा दोन ठिकाणी चालतो. मतदान अधिकारी क्रमांक दोनकडे नमुना १७-ए ही मतदार नोंदवही, तीनकडे सीयू. दर दोन तासांनी टक्केवारी कळवायची असते, तेव्हाच नोंदवहीतला शेवटचा अनुक्रमांक आणि टोटलचा आकडा शेजारी लिहायचा. कक्षात गेलेला आणि सही करून मतदार-चिठ्ठी घेऊन रांगेत असलेले एवढाच फरक चालतो. त्याहून जास्त निघाला तर तेव्हाच शोधा. संध्याकाळी साताठशे सह्या चाळून काही सापडत नाही.

खरा फरक पडण्याची कारणं मोजकीच. सही केली पण मत द्यायला नकार दिला, तर शेऱ्यात तसं लिहून मतदाराची सही घ्यायची. गुप्ततेचा भंग केला म्हणून मतदान करू दिलं नाही, तर त्याचाही शेरा. तिसरं म्हणजे चाचणी मत. 'मी दाबलं एक, चिठ्ठीवर आलं दुसरं' अशी तक्रार आली तर नियम ४९एमए प्रमाणे लेखी घोषणापत्र घ्यायचं, खोटं निघाल्यास शिक्षा आहे हे आधी सांगायचं, नोंदवहीत त्याच मतदाराची दुसरी नोंद करायची आणि प्रतिनिधींसमक्ष चाचणी मत द्यायला लावायचं. तक्रार खरी निघाली तर मतदान थांबवून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवायचं. खोटी निघाली तर ते मत कोणाच्या खात्यात गेलं याची नोंद ठेवायची, कारण मोजणीत ते वजा होतं. ही नोंद राहिली तर एका मताचा घोळ होतो, आणि एका मताचा घोळ संध्याकाळी निस्तरायला तास जातो. प्रदत्त मताचा मात्र इथे संबंध नाही. आपल्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेलेला मतदार कागदी मतपत्रिकेवर मत देतो, ते पाकिटात जातं आणि सीयूच्या आकड्यात येत नाही.

बिघाडाचे नियम पाठच असावेत, पुस्तक चाळायला वेळ नसतो. फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर सीयू बंद करून तेवढंच बदलायचं, मॉकपोल नाही. सीयू किंवा बीयू बिघडलं तर पूर्ण संच बदलायचा आणि नोटासह प्रत्येकाला एकेक मत देऊन मॉकपोल पुन्हा. दुसऱ्यांदाचं सीआरसी हीच सगळ्यात धोक्याची जागा. बाहेर आरडाओरडा चालू असतो आणि क्लिअर राहून जातं. चिठ्ठी छापली पण कापली न जाता आत लटकत राहिली, तर ती ओढून काढायची नाही. तिथे मत नोंदलं गेलेलं नसतं. व्हीव्हीपॅट बदलून त्याच मतदाराला पुन्हा मत देऊ द्यायचं आणि केंद्राध्यक्षाच्या डायरीत लिहायचं. बदललेल्या प्रत्येक युनिटचा क्रमांक सतरा-सीवर आला पाहिजे, कारण अशा केंद्राचे दोन सीयू मोजले जातात.

सहा वाजले की रांगेत उभ्या असलेल्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या द्यायच्या, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून. पुढून वाटत गेलात तर शेपूट वाढतच राहतं. सगळे झाले की क्लोज. कधी क्लोज दाबूनही मशीन ऐकत नाही. अशा वेळी बहुधा सीयूवरून बॅलट दिलेलं (म्हणजे एका मतासाठी मशीन खुलं केलेलं) असतं आणि शेवटचा मतदार बटण न दाबताच निघून गेलेला असतो. सीयू बंद करून पुन्हा चालू केलं की ते बॅलट रद्द होतं, मग क्लोज चालतं.

आता नमुना १७-सी, भाग एक. नोंदवहीतली एकूण संख्या, त्यातून मत न देणारे वजा, मतदान नाकारलेले वजा. उरलेला आकडा आणि सीयूची टोटल सारखी हवी. जुळत नसेल तर जुळवून लिहायचं नाही. फरक आहे तसा लिहून कारण द्यायचं. रात्री साडेसातला थकलेल्या माणसाला 'एकच तर आहे' असं वाटतं, आणि तिथेच केंद्र अडकतं. हजर प्रत्येक प्रतिनिधीला याची साक्षांकित प्रत द्यायची, न मागता. प्रतिनिधींनाही सांगणं आहे की ही प्रत घेतल्याशिवाय उठू नका. मोजणीच्या टेबलावर तुमच्या माणसाच्या हातात हाच एक आधार असतो. नंतर व्हीव्हीपॅटची बॅटरी काढायची, कळ आडवी, युनिटं आपापल्या पेट्यांत, टॅग. सतरा-सी आणि डायरी कुठल्याही सीलबंद पेटीत घालायची नाही, हातात ठेवून वेगळी जमा करायची.

मोजणीच्या सभागृहात साधारणपणे १४ टेबलं असतात. मतदारसंघात ३५० केंद्रं असतील तर २५ फेऱ्या. प्रत्येक टेबलाला पर्यवेक्षक, सहायक आणि सूक्ष्म निरीक्षक, जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी. आठ वाजता टपाली मतं, साडेआठपासून मशीन. सप्टेंबर २०२५ पासून भारत निवडणूक आयोगाने असंही ठरवलं आहे की टपाली मोजणी संपल्याशिवाय मशीनच्या शेवटून दुसऱ्या फेरीला हात लावायचा नाही. टेबलावर फक्त सीयू आणि त्याचा सतरा-सी येतो, व्हीव्हीपॅट येत नाही.

पर्यवेक्षकाने रिझल्टला लगेच हात घालू नये. आधी सीयूचा अनुक्रमांक, हिरव्या सीलचा क्रमांक, स्पेशल टॅग (सीलसोबत लावलेला क्रमांकाचा टॅग); तिन्ही सतरा-सीशी ताडून प्रतिनिधींना दाखवायचे. मग स्विच, मग टोटल. टोटल सतरा-सीशी जुळली की रिझल्ट. डिस्प्ले एकेक उमेदवार दाखवत पुढे जातो, म्हणून सीयू उचलून जाळीकडे धरायचा आणि घाई असेल त्याच्यासाठी पुन्हा रिझल्ट दाबायचा. कितीही वेळा दाबता येतो. आकडे सतरा-सीच्या भाग दोनमध्ये जातात, चाचणी मतं असल्यास तिथेच वजा होतात. सूक्ष्म निरीक्षक आपले आकडे स्वतंत्र लिहितो. फेरी संपल्यावर आयोगाचे निरीक्षक कुठलीही दोन मशीनं निवडून पुन्हा तपासून घेतात, मग फेरी जाहीर होते.

बॅटरी ९९ टक्के कशी, हा प्रश्न २०२४ पासून हमखास येतो. सीयूची बॅटरी साडेसात व्होल्टची, न चार्ज होणारी असते, मोबाइलसारखी नाही. व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत डिस्प्ले ९९ च दाखवतो आणि खाली गेल्यावर खरा आकडा उतरायला लागतो. हे शांतपणे सांगितलं तर बहुतेकांना पटतं. 'तुम्हाला काय कळतंय' म्हटलं तर टेबल अर्धा तास बंद.

टोटल सतरा-सीपेक्षा बरोबर ५० ने जास्त निघाली तर काय झालं हे सांगावं लागत नाही. तो सीयू बाजूला ठेवायचा, निकाल बघायचा नाही. २०२४ पर्यंत अशा बाजूला ठेवलेल्या केंद्रांची एकूण मतं पहिल्या दोघांमधल्या फरकापेक्षा कमी असतील तर ती मोजावी लागत नसत. फरक तेवढाच किंवा कमी असेल तरच व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजत. २०२५ पासून आयोगाने अशा प्रत्येक केंद्राच्या चिठ्ठ्या मोजणं सक्तीचं केलं आहे. मशीनने निकाल दाखवलाच नाही, तरी चिठ्ठ्याच. २०२४ मध्ये मुंबई उत्तर पश्चिम लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला आणि मालेगाव मध्य विधानसभेचा १६२ मतांनी. एका वर्गखोलीतल्या केंद्रावर त्याहून जास्त लोक नाश्त्याच्या वेळेपर्यंत मत देऊन जातात.

शेवटच्या फेरीनंतर प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात, सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशाप्रमाणे. राज्यात २०२४ च्या विधानसभेला २८८ मतदारसंघांत मिळून अशी १४४० केंद्रं झाली. केंद्र क्रमांक लिहिलेली कार्डं घडी घालून डब्यात टाकतात आणि सगळ्यांसमोर उचलतात. मोजणी बँकेच्या कॅशियरच्या पिंजऱ्यासारख्या जाळीच्या खोलीत, एकावेळी एकच केंद्र. पेटी उघडल्यावर आधी त्या ७-७ तपासणीच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढायच्या (व्हीव्हीपॅट जितक्या वेळा चालू केलं तितक्या वेळा त्या पडलेल्या असतात), मग उमेदवारवार खणांत टाकून २५-२५ चे गठ्ठे बांधायचे. पातळ कागद, पंखा चालू असेल तर बंद करा. केंद्राला साधारण तास जातो. आकडा सीयूशी जुळला नाही तर पुन्हा मोजायचं, सीयूशी किंवा आधीच्या एखाद्या चिठ्ठी-मोजणीशी जुळेपर्यंत. तरीही फरक राहिला तर त्या केंद्रापुरता चिठ्ठ्यांचा आकडा धरतात. दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटणं हे न जुळण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण.

फेरमोजणी हवी असेल तर उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने कारणांसह लेखी अर्ज द्यायचा, तोही अंतिम निकालपत्रक, म्हणजे नमुना २०, सही होण्याआधी. निवडणूक निर्णय अधिकारी आकडे वाचून थोडे थांबतात ते त्यासाठीच. त्या वेळात प्रतिनिधी बाहेर गुलालाच्या गाडीपाशी असतो, आणि त्याच्याकडच्या सतरा-सीच्या प्रती खुर्चीवर पडलेल्या असतात.