बाकी शून्य आल्याशिवाय फळा पुसायचा नाही

स्मरणिकेसाठी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला तेव्हा बाकीचे गॅदरिंग, सहल, खो-खो ह्यावर लिहिणार हे नक्कीच होतं, म्हणून मी नववीच्या बीजगणितावर लिहितोय. बहुपदीचे (म्हणजे क्ष, क्ष², क्ष³ अशा पदांच्या राशीचे) अवयव पाडून तिची शून्यं, म्हणजे ती राशी शून्य करणाऱ्या क्षच्या किमती, काढणं आमच्या सरांनी जसं शिकवलं तसं पुढे इंजिनिअरिंगलाही कुणी शिकवलं नाही.

सर फळ्यावर क्ष³ − ४क्ष² + क्ष + ६ लिहायचे आणि विचारायचे, क्षच्या जागी काय टाकलं की हे सगळं शून्य होईल? पोरं १०, ५, काहीही ओरडायची. सर म्हणायचे थांबा, आधी शेवटचा ६ बघा, पूर्णांक उत्तर असेलच तर ६ ला त्यानं भाग जाणार, म्हणजे १, २, ३, ६ आणि त्यांच्याच ऋण संख्या, बाकी कुठे शोधायचंच नाही. का? तर पहिल्या तिन्ही पदांत क्ष कॉमन आहे, मग बेरीज शून्य व्हायला ६ लाही क्षनं भाग जायलाच हवा. हे 'का' सरांनी कधी सोडलं नाही.

मग एकाआड एक सहगुणक, म्हणजे क्षच्या पदांपुढचे आकडे आणि शेवटची संख्या, मिळवायचे. १ आणि १ मिळून २, −४ आणि ६ मिळूनही २, दोन्ही सारखे म्हणजे −१ टाकलं की शून्य येणार, (क्ष + १) हा अवयव झाला. पुढे संश्लेषक भागाकार, म्हणजे क्ष न लिहिता नुसते सहगुणक मांडून केलेला भागाकार, खालच्या ओळीत १, −५, ६ आणि शेवटी बाकी ०. त्या शून्याभोवती सर खडूनं गोल करायचे आणि तो गोल झाल्याशिवाय फळा पुसू द्यायचे नाहीत. उरलेलं (क्ष − २)(क्ष − ३) तोंडीच, म्हणजे शून्यं −१, २ आणि ३.

मला सगळ्यात जास्त आवडायचं ते पुढचं. दोन संख्यांचा गुणाकार ६ आला तर त्या कुठल्या ते सांगता येत नाही, पण शून्य आला तर एक तरी शून्य असणारच, अख्खी पद्धत ह्याच्यावरच उभी आहे. म्हणून क्ष³ = ४क्ष मध्ये कुणी दोन्हीकडे क्षनं भागायला गेलं की सर तिथेच अडवायचे, अरे एक उत्तर गेलं ना तुझं! सगळं एका बाजूला आण, अवयव पाड, ०, २, −२ तिन्ही मिळतात.

क्ष³ − ३क्ष + २ चा आलेखही काढून घेतला होता, −२ ला रेघ अक्ष ओलांडते पण १ ला नुसती टेकून परत वर जाते, कारण (क्ष − १) दोनदा आहे. आणि पाचव्या कोटीच्या, म्हणजे क्ष⁵ पर्यंत जाणाऱ्या, बहुपदीला वर्गसमीकरणासारखं सरसकट सूत्र असूच शकत नाही हे नॉर्वेच्या आबेलनं १८२४ साली सिद्ध केलं, हेही नववीच्या वर्गात सांगणारे आमचे सर!

आता मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवतो, मोबाईलवर उत्तर दोन सेकंदात येतं, तरी मी अवयव वहीत पाडून घेतोच. शाळेतल्या मुलांसाठी शनिवारी तास घ्यायची माझी तयारी आहे, मुख्याध्यापक बाईंना तसं कळवलंय.