तुम्ही विचारलंत म्हणून: विंडोज सोडून लिनक्स जमेल का?

देवगडचे बागायतदार आणि तारकर्लीचे होमस्टेवाले हमखास विचारतात: विंडोजऐवजी लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) आणि एमएस ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस घेतलं तर काम अडेल का? बिलं, मेल, बुकिंग यांत काहीच अडत नाही. विंडोज सोपं वाटतं, कारण दुकानदाराने प्रिंटरसकट सगळं आधीच बसवून दिलेलं असतं. लिनक्समध्ये ते बसवणं आपल्यावर येतं, आणि गाडं अडतं ते प्रिंटर नि फॉन्टवर.

एचपी लेसरजेट १०२० घ्या. हा प्रिंटर फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा छोटा प्रोग्राम, स्वतःकडे साठवत नाही. चालू केला की दर वेळी संगणकाने ते पाठवावं लागतं. लिनक्सवर त्यासाठी एचपीचं वेगळं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) लागतं, आणि त्याची आवृत्ती एचपीलिप (HPLIP) या प्रिंटर चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या आवृत्तीशी जुळावीच लागते. अपडेटमध्ये एचपीलिप पुढे गेलं नि प्लगइन मागे राहिलं, तर पावसात वीज जाऊन आल्यावर प्रिंटर ढिम्म हलत नाही. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून hp-plugin ही आज्ञा दिली की नवं प्लगइन उतरतं, पण त्याला इंटरनेट हवं. म्हणून नेट चालू आहे तोवर अपडेटनंतर लगेच एक पान छापून बघाच. खरं तर एचपीने बंदिस्त ठेवलेलं ते एवढंसं प्लगइनच इथे नडतं, आणि बोल मात्र लिनक्सला लागतो.

फॉन्टचं दुखणं वेगळं. मंगल हा फॉन्ट विंडोजचा, लिनक्सबरोबर तो येत नाही. त्याच्या जागी आलेल्या फॉन्टच्या ओळीची उंची निराळी असते, मग बिलाची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर जाते. विंडोज नि लिनक्स अशा दोन्ही संगणकांवर ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट टाका, गिऱ्हाइकाला पीडीएफच पाठवा. लिब्रेऑफिसमध्ये परिच्छेदाची स्टाइल बदलताना रोमन आणि देवनागरीचे फॉन्ट वेगवेगळे निवडावे लागतात. फक्त रोमनचा बदललात तर मराठी मजकूर तसाच राहतो. देवनागरीचा रकाना दिसतच नसेल तर भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर टिक करा. मेनू परके वाटले तर ‘व्ह्यू’मधल्या ‘यूजर इंटरफेस’मध्ये ‘टॅब्ड’ निवडा.

काही बसवण्याआधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून प्रिंटर, वायफाय, आवाज तपासा. हार्डडिस्कला धक्का लागत नाही. टॅली किंवा कोरलड्रॉवर रोजचं काम असेल, तर तो संगणक विंडोजवरच राहू द्या. बाकीचे बदला, पण ऐन आंब्याच्या हंगामात नको. जूनमध्ये, पेट्या आणि पर्यटक दोन्ही ओसरल्यावर.