आमची वाटचाल : बारशाच्या पंगतीपासून दुखवट्याच्या डब्यापर्यंत

बेळगावच्या वडगाव भागातील आमच्या घरगुती स्वयंपाकघरातून दोन प्रकारचे जेवण बाहेर पडते. बारसे, डोहाळजेवण, साखरपुडा, वास्तुशांत अशा प्रसंगांचे जेवण हा पहिला प्रकार, आणि ज्या घरात मृत्यू झाला आहे त्या घरी दिवसकार्य होईपर्यंत रोज पोहोचणारा डबा हा दुसरा. पहिल्या कामासाठी शहरात आमच्यापेक्षा मोठे आणि जुने केटरर आहेत. दुसरे काम मात्र व्यवसाय म्हणून करावे की करू नये, यावर आमच्याच घरात बराच काळ मतभेद होते, आणि आमच्या वाटचालीविषयी सांगण्यासारखे जे आहे ते बहुतांशी त्या मतभेदातून आणि त्यातून निघालेल्या तोडग्यातून आलेले आहे.

वडगाव आणि शहापूर ही मागवाल्यांची, विणकरांची जुनी वस्ती. येथील गल्ल्यांमध्ये मयताच्या घरी चूल पेटत नाही, आणि त्या घरातील माणसे उपाशीही राहत नाहीत. पहिल्या दिवशीचा कडू घास कोणी आणायचा, दुसऱ्या दिवशीची आमटी कोणाकडून आणि भाकऱ्या कोणाकडून, हे कोणी बैठक घेऊन ठरवत नसे, तरी ते ठरलेले असे. आमचे मामंजी गेले तेव्हा बाराव्यापर्यंत गल्लीने आम्हाला जेवू घातले. सासूबाई पदराआड डोळे पुसत बसलेल्या असत, पण पानातील आमटी कोणत्या घरची आहे हे त्या पहिल्या घासाला ओळखत. दिवसकार्य झाल्यावर त्यांनी प्रत्येकाचे भांडे घासून, त्यात मूठभर तांदूळ घालून, स्वतः घरोघरी जाऊन परत केले.

पुढच्या काळात ही व्यवस्था सगळीकडे टिकली नाही. बेळगावची मुले नोकरीसाठी पुणे, बंगळूर, गोवा येथे गेली. टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर या भागांत जुन्या बंगल्यांच्या जागी फ्लॅट आले. आणि पुष्कळ घरांत दोन वृद्ध माणसेच उरली. अशा घरात एकजण गेला की रात्रीच्या गाडीने नातेवाईक येतात, शेजारी आपुलकीने धावतात, परंतु शेजारच्या दारातील दोघेही नोकरीला जाणारे असतात. मग कोणीतरी फोनवरून हॉटेलचे जेवण मागवते. नुकत्याच विधवा झालेल्या बाईसमोर लाल तर्रीची पनीरची भाजी आणि रुमाली रोटी ठेवलेली मी पाहिली आहे. आणणाऱ्याच्या मनात काळजीच होती, पण ते अन्न त्या दिवसाचे नव्हते, आणि त्या बाईंनी त्याला हातही लावला नाही.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, त्याच हिवाळ्यात थोरल्या जाऊबाई आणि मी यांनी घराच्या मागील पडवीत हे स्वयंपाकघर सुरू केले. खाद्यसुरक्षा कायद्याखाली वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या व्यवसायाला तेव्हा परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरत असे. ती आम्ही केली, १९ किलोच्या व्यावसायिक गॅस टाकीची सोय केली आणि बारशाच्या, डोहाळजेवणाच्या जेवणांची कामे घेऊ लागलो. दुखवट्याचा डबा आरंभी आमच्या मनात नव्हता. हिंदवाडीतील एका ओळखीच्या घरी तसा प्रसंग झाला, आम्ही शेजारधर्म म्हणून दोन दिवस डबा नेला, आणि तिसऱ्या दिवशी त्या घरच्या मुलाने संकोचत विचारले की पैसे घेणार असाल तरच पुढचे दिवस सांगतो.

येथेच मतभेद झाला. सासूबाईंचे म्हणणे स्पष्ट होते : मयताच्या घरच्या अन्नाचे पैसे घ्यायचे नाहीत, आयुष्यात कोणी घेतलेले नाहीत. जाऊबाई त्यांच्यासमोर मोठ्याने कधी बोलल्या नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांनी शांतपणे सांगितले की गल्लीत आपण एकमेकांना देतो तेव्हा ते फिरून आपल्याकडे येते, म्हणून कोणाला ओझे वाटत नाही. परक्या घराला आपण फुकट दिले तर ते घर उद्याचा डबा मागायला लाजेल आणि पुन्हा हॉटेललाच फोन करील. मला दोघींचेही पटत होते. शेवटी जो नियम ठरला तो आजपर्यंत बदललेला नाही. पहिल्या दिवशीचे जेवण शेजाऱ्याचे, त्याचे पैसे कधीही घेतले जात नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शिधा, गॅस आणि आमच्याकडील बायकांची मजुरी एवढेच आकारले जाते, नफा धरला जात नाही. आगाऊ रक्कम मागितली जात नाही, आणि दिवसकार्य उरकेपर्यंत हिशेबाचा कागद त्या घरी जात नाही. काहींनी पैसे बुडवलेही, पण त्यामुळे नियम बदलावासा आम्हाला वाटला नाही. व्यवसायाचा खर्च सुखाच्या पंगतींवर भागतो, आणि तो तसाच भागावा असे मला मनापासून वाटते.

दुखवट्याचा स्वयंपाक दिसायला सोपा असतो, करायला सोपा नसतो. अनेक घरांत त्या दिवसांत फोडणी आणि तळण वर्ज्य असते, गोड तर नसतेच. मसाल्याचा आधार काढून घेतला की उरते ते तांदळाचे, डाळीचे आणि पिठाचे मूळ रूप, आणि तेथे कसलीही उणीव झाकता येत नाही. मऊ भातासाठी आम्ही येळ्ळूर-शहापूरच्या शिवारातला नवा बासमती वापरतो. बेळगावचा बासमती उत्तरेकडच्या बासमतीसारखा लांब आणि सडसडीत नसतो. तो मऊ शिजतो आणि शिजताना सुवास पसरतो, आणि ज्यांच्या घशाखाली काही उतरत नाही अशांना तोच भात मेतकूट किंवा नुसते तूप-मीठ घालून खाता येतो. पंगतीला मात्र वर्षभर मुरलेला तांदूळ लागतो, कारण नवा तांदूळ मोठ्या पातेल्यात चिकट होतो. पिठल्याचेही तसेच आहे. बेसन चुलीवरून उतरल्यानंतरही पाणी ओढत राहते, म्हणून डब्यात जाणारे पिठले ताटात हवे त्यापेक्षा सैल ठेवावे लागते, म्हणजे अर्ध्या तासाने झाकण उघडल्यावर ते नेमके होते.

भाकरीचे पीठ आम्ही रोज दळून आणतो. जोंधळ्याच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो, आणि ते जुने झाले की गरम पाण्यात मळले तरी भाकरीच्या कडा चिरतात. ज्या घरी पाहुणे वेळीअवेळी पोहोचतात तेथे ताज्या भाकऱ्यांच्या जोडीला कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि कारळ्याची चटणी यांचा वेगळा डबा ठेवतो, कारण रात्री दोन वाजता बंगळूरहून आलेल्या भावाला कोणाला न उठवता जेवता आले पाहिजे. संध्याकाळच्या दहीबुत्तीत (कालवलेल्या दहीभातात) दह्यापेक्षा दूध अधिक आणि विरजणापुरते दही असते, म्हणजे ती आंबत नाही. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि दही-दूध ५ अंशांच्या खाली ठेवण्याचा खाद्यसुरक्षेचा नियम आम्ही विशेष कसोशीने पाळतो, कारण शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की त्यात पोट बिघडवणारे जंतू वाढतात, आणि दुखवट्याच्या घरी जेवणाच्या वेळा नेहमीच पुढे सरकतात. मार्च २०१६ मध्ये कर्नाटक सरकारने प्लास्टिकच्या पिशव्या, ताटे आणि पेले यांवर बंदी घातली तेव्हा आम्ही स्टीलचे डबे आणि पत्रावळी यांकडे वळलो. खर्च वाढला, पण स्टीलच्या डब्यातील आमटी घरून आल्यासारखी दिसते, आणि दिसण्याला त्या दिवसांत महत्त्व असते.

प्रत्येक घराला आम्ही एकच प्रश्न विचारतो : रोजचे जेवण कसे असते? या सीमाभागात एका गल्लीत चार तऱ्हांची आमटी शिजते. मराठा घरात कांदा-लसूण चटणी आणि संकेश्वरी मिरचीचा तिखटपणा हवा असतो, तर ब्राह्मण घरात गोडा मसाला आणि गुळाचा खडा. जैन घरात कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि जेवण सूर्यास्तापूर्वी पोहोचावे लागते. लिंगायत तत्त्वात सुतक मानलेले नाही, तरी घर दुःखात असतेच आणि तेथेही डबा जातो. मुस्लिम शेजाऱ्यांकडेही दुखवट्यात जेवण बाहेरूनच येते. तेथे आम्ही साधी खिचडी आणि कढी देतो. काही फोन मराठीत येतात, काही कन्नडमध्ये, आणि जाऊबाई माहेरच्या गोकाककडच्या असल्यामुळे दोन्ही भाषांत सारख्याच मायेने बोलतात.

या प्रश्नाचे मोल मला एका निवृत्त शिक्षकांच्या घरी कळले. पत्नी गेल्यापासून ते ताकाखेरीज काही घेत नव्हते. त्यांच्या मुलीने बोलता बोलता सांगितले की आई पावसाळ्यात हुलग्याचे माडगे करत असे. दुसऱ्या दिवशी आम्ही हुलगे भाजून, दळून, त्याचे माडगे आले-जिरे घालून नेले. सरांनी अर्धी वाटी घेतली आणि म्हणाले, “तिच्या हाताला मीठ कमी असे.” दुसऱ्या दिवशी मीठ कमी केले, तेव्हा त्यांनी पूर्ण वाटी घेतली आणि थोडा भात मागितला. दुःखात माणसाला चविष्ट अन्न नको असते. ओळखीचे अन्न हवे असते, आणि ओळख ही मिठाच्या चिमटीइतकी बारीक असते. तेव्हापासून प्रत्येक घराची अशी बारीकसारीक माहिती जाऊबाई वहीत लिहून ठेवतात.

त्याच वहीचा उपयोग सुखाच्या प्रसंगी होतो, आणि मला सर्वांत अधिक समाधान तेथे मिळते. ज्या घरी आम्ही दुखवट्याचा डबा नेला, त्या घरी पुढे बारसे ठरते, साखरपुडा ठरतो, आणि तेच लोक पुन्हा फोन करतात. शिक्षकांच्या मुलीच्या डोहाळजेवणाला पुऱ्या, मसालेभात आणि करंज्या यांच्याबरोबर तिच्या आईच्या पद्धतीची गव्हाची हुग्गी होती : गहू रात्रभर भिजवून, कांडून, भरपूर ओल्या खोबऱ्यात आणि गुळात शिजवलेली. सरांनी ती स्वतः सर्वांना वाढली. मोठ्या लग्नकार्यात लोक मांडे मागतात. उलट्या घातलेल्या तापल्या कढईवर हाताने ताणलेली ती पातळ पोळी टाकण्याचे कसब आमच्याकडे नाही, म्हणून ते काम आम्ही पिढीजात मांडे करणाऱ्यांकडून करवून घेतो. कुंदा ही बेळगावची खव्याची मिठाईही बाजारातूनच येते. जे इतरांना उत्तम येते ते आपल्या नावावर खपवू नये, असे आमचे धोरण आहे.

ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत शहराच्या सखल भागांत आणि जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, तेव्हा मुगाची खिचडी आणि चटणी-भाकरी एवढेच आम्ही करत होतो. पुढच्या वर्षीच्या टाळेबंदीने धंदा जवळपास थांबवला. लग्नाला ५० आणि अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आली, पंगती संपल्या, आणि डबे मात्र वाढले. कित्येक घरांत सगळेच आजारी होते. डबा फाटकावर ठेवून, हाक मारून, लांब उभे राहून तो आत गेल्याची खात्री करावी लागे. सुखाच्या पंगतींवर दुःखाचा खर्च भागवायचा हा आमचा हिशेब त्या वर्षी कोलमडला. जाऊबाईंनी पाटल्या गहाण ठेवल्या आणि नियम तसाच ठेवला.

सासूबाई त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. बाराव्यापर्यंत आम्ही स्वयंपाकघर बंद ठेवले आणि कबूल केलेले एक बारसे दुसऱ्या केटररकडे सोपवले. आमच्याकडे काम करणाऱ्या, सौंदत्तीकडून आलेल्या एका मावशींनी त्या दिवसांत स्वतःच्या घरून जोंधळ्याच्या कण्या शिजवून ताकाबरोबर आणल्या. आमच्या घरात तो पदार्थ कधी होत नसे. तो इतका हलका आणि पोटाला शांत वाटला की आज आमच्या दुखवट्याच्या डब्यात कण्या-ताक नेहमीचे झाले आहे, आणि ते त्या मावशींच्याच देखरेखीखाली शिजते.

सध्या आमच्याबरोबर गल्लीतील सहा बायका काम करतात. भाद्रपदात म्हाळाची कामे सर्वाधिक येतात, कारण खीर, वडे, अळू, आमसुलाची चटणी आणि भाज्या असा पूर्ण स्वयंपाक आता एका बाईच्या आवाक्यात राहिलेला नाही, आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ प्रत्येक घराला वेगळा हवा असतो. त्यामुळे एका तिथीला आम्ही मोजकीच घरे घेतो. म्हाळासाठी आठ दिवस आणि बारसे-साखरपुड्यासाठी पंधरा दिवस आधी कळवावे, आणि कळवताना तो पदार्थ व घरातील करण्याची पद्धत सांगावी, एवढी विनंती आहे. दुखवट्याच्या डब्याला आधी कळवण्याची अट नाही. पहाटे चारनंतर फोन कोणीतरी उचलते.