कोल्हापूर–हैदराबाद विमानाने: तिकिटावरचा वेळ आणि खरा वेळ

आण्णांचे गुडघे हैदराबादच्या डॉक्टरांना दाखवायचे होते. सोलापूरमार्गे रस्ता साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रात्रभर बस. पाय दुमडून तेवढं बसणं त्यांना झेपणारं नव्हतं. शेवटी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमानानंच जायचं ठरलं.

तिकीट काढण्याआधी मी अंतराचा हिशोब मांडला. दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण ४४५ किलोमीटर. आमचं विमान एटीआर-७२, म्हणजे पंख्यांचं. वर गेल्यावर त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या घरात असतो. नुसता भागाकार केला तर तासाच्या आत पोहोचायला हवं, पण तिकिटावर वेळ त्याहून बराच जास्त होता. कारण तो वेळ विमान इथल्या जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, चढतानाचा कमी वेग, उतरायला आपली पाळी येईपर्यंतची घिरटी, सगळं त्यातच धरलेलं. आणि एवढ्या जवळच्या पल्ल्यात जेट असतं तरी फार मोठा फरक पडला नसता. ते उंची गाठतंय तोवर उतरायची तयारी सुरू होते.

"तासाभराच्या उड्डाणाला घरातनं अडीच तास आधी निघायचं व्हय?" आण्णांनी विचारलं.

"आण्णा, काउंटर तासभर आधीच बंद होतो. तुमची खुर्ची यायला पण वेळ लागंल."

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवली होती, ते फार बरं झालं. रिक्षा शाहू नाक्यावरून वळून विमानतळावर पोहोचली तेव्हा काउंटरला गर्दी नव्हती. आत शिरताच आण्णा कमानींकडे बघत राहिले. १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला हा विमानतळ. आण्णांच्या लहानपणी इथं विमान दिसणं हीच मोठी बातमी असायची. नवी टर्मिनल इमारत २०२४ ची.

एटीआरमध्ये मागच्या दारानं चढतात. कर्मचारी पोरानं आण्णांचा एक हात कठड्यावर ठेवला, दुसरा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि "काका, घाई नाही, आधी बरा पाय" म्हणत एकेक पायरी चढवलं. त्या पोराचे आभार मानावेत तेवढे थोडे.

या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळं खालचं सगळं दिसतं. सुरुवातीला उसाचे हिरवेगार पट्टे, मग पूर्वेला जाऊ तसं रान कोरडं होत जातं. आण्णांनी खिडकीवरची नजर हलवली नाही.

शमशाबादचा विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटर बाहेर आहे. बॅग येणं, टॅक्सी मिळणं, शहरातली वाहतूक यात दीड तास गेला. म्हणजे घराच्या उंबऱ्यापासून मुक्कामाच्या खोलीपर्यंत पाच-साडेपाच तास लागले. बसपेक्षा निम्म्याहून कमी, आणि त्यातही आण्णांना पाय दुमडून बसावं लागलं ते फक्त उड्डाणापुरतं.

घरात कोणी आजारी असेल आणि असा प्रवास करायचा असेल, तर डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची घ्या. पावसाळ्यात ढग खाली आले की विमानाला उशीर होतो, कधी रद्दही होतं, आणि कोल्हापुरातून लगेच दुसरं विमान मिळेलच असं नसतं.