कामांच्या झाडाला फिल्टर: वाट दाखवणाऱ्या ओळी

माझ्या कामयादीच्या प्रोग्रॅममध्ये फिल्टर आता झाडावरही, म्हणजे कामाच्या पोटात काम असलेल्या यादीवरही, नीट चालायला लागलंय. सपाट यादीत भानगड नसते, ओळ अटीत बसली तर राहते, नाहीतर जाते. पण ‘करविवरण’खाली ‘कागदपत्रं’, त्याखाली ‘व्याजाचा दाखला मागणे’, आणि ‘फोन’ हा टॅग फक्त शेवटच्या कामाला असेल तर? वरच्या ओळी उडवल्या की दाखला कशाचा, कशासाठी, काही कळत नाही. त्या ठेवल्या तर निम्मी यादी अटीत न बसणाऱ्या कामांची.

ईमॅक्स या मजकूर-संपादकात नोंदी आणि कामं ठेवायची सोय म्हणजे ऑर्ग-मोड; २००३ पासून चालत आलेल्या या ऑर्ग-मोडमधलं विरळ झाड मला आवडतं: जुळलेली ओळ उठून दिसते, तिच्या वरची शीर्षकं राहतात, बाकीचं मिटतं. क्यूटी (प्रोग्रॅमच्या खिडक्या-याद्या बनवायचा तयार संच) वापरणाऱ्यांना ५.१० या आवृत्तीपासून रिकर्सिव्ह, म्हणजे पातळीमागून पातळी खाली उतरणारं, फिल्टरिंग आयतं मिळतं. पोटातलं एक जरी जुळलं तरी वरची ओळ दिसते. जुळलेल्या ओळीची सगळी पिल्लं दाखवायची सोय मात्र ६.० मध्ये आली.

मी ‘दिसतं’ आणि ‘जुळतं’ या दोन खुणा वेगळ्या ठेवल्या. झाड खालून वर चाळायचं. जुळलेलं काम ठळक, त्याच्या वरची ओळ फिकट, बाकी सगळं लपलेलं. खालच्या पट्टीतला आकडा फक्त ठळक कामांचा. फिकट ओळ निवडीत येत नाही, त्यामुळे ‘सगळी निवडून पुढे ढकला’ म्हटल्यावर अख्खा प्रकल्प पुढच्या महिन्यात जात नाही. माझ्या मते हे वेगळेपण नसलेलं फिल्टर नुसती सजावट आहे.

नकारार्थी अट जास्त चिवट निघाली. ‘फोन नको’ म्हटलं आणि टॅग वरच्या कामाला असेल, तर पोटातली कामं जावीत का? ऑर्गमध्ये टॅग मुळातच खाली झिरपतात, म्हणजे अख्खी फांदी जाते. मी टॅगांपुरतं तेच ठेवलं. मुदत मात्र झिरपू देत नाही, नाहीतर प्रकल्पाची तारीख उलटली की खालचं प्रत्येक काम लाल.

दुसऱ्या प्रोग्रॅममधली कामं आयात करायला लागल्यावर वेगळीच मजा. आयकॅलेंडर या कॅलेंडर-कामांच्या फाइलींच्या प्रमाण स्वरूपामध्ये (आरएफसी ५५४५ हा मानक दस्तऐवज, २००९) काम आपल्या वरच्या कामाचा ओळखक्रमांक ‘रिलेटेड-टू’मध्ये सांगतं. त्यामुळे फाइलमध्ये मूल आधी आणि पालक नंतर येऊ शकतो, किंवा पालक त्या फाइलमध्येच नसतो. म्हणून आधी सगळी कामं वाचायची, मग जोडायची. पोरकी कामं मुळाशी टांगतो, त्यांना छोटी खूण लावून.

एकमेकांचे पालक असलेली दोन कामंही येऊ शकतात. कामं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये असतील, तर त्याच्या रिकर्सिव्ह क्वेरीत (मिळालेल्या ओळींवरून पुढच्या ओळी शोधत जाणारी विचारणा) ‘युनियन ऑल’ऐवजी नुसतं ‘युनियन’ लिहिलं की आधी आलेली ओळ परत घेतली जात नाही आणि फेरा तुटतो. पण सोबत पातळीचा आकडा वाढवत नेला तर प्रत्येक ओळ नवीच ठरते आणि क्वेरी गरगरत राहते. पातळी मी नंतर मोजतो.

उरलंय ते टिक करण्याचं. ‘बाकी कामं’ फिल्टरमध्ये टिक केल्याबरोबर ओळ नाहीशी झाली, की खालची ओळ कर्सरखाली सरकते आणि चुकून तीही टिक होते. सध्या ओळ खोडलेली दाखवतो. फिल्टर पुन्हा लावलं की जाते. उघड्या-मिटलेल्या फांद्यांची नोंद फिल्टरसाठी वेगळी ठेवायची आहे, ते पुढच्या खेपेला.