शारजाच्या रस्त्यावरचा आंजेलस

वसईला आमच्या वाडीत संध्याकाळी सहा वाजता चर्चची घंटा वाजली की आजी हातातले काम खाली ठेवून अंगणात उभी राहत असे. तीन-तीन टोले तीन वेळा पडत, मग घंटा सलग वाजत राही आणि तेवढ्या अवधीत गब्रिएल दूताने येशूची आई मरिया हिला दिलेला निरोप आठवणारी प्रार्थना, म्हणजे आजीचा आंजेलस, म्हणून होई. केळीचा लोंगर न्यायला आलेले गिऱ्हाईक दारात ताटकळत असले तरी दोन मिनिटे त्याच्याशी बोलणे नसे. लहानपणी मला हा तिचा हट्ट वाटत असे. त्यात काही शहाणपण असेल, असे तेव्हा मनातही आले नव्हते.

गेली अकरा वर्षे मी शारजात राहतो आणि नोकरीसाठी रोज दुबईला जातो. शारजात घरभाडे कमी असल्यामुळे माझ्यासारखे असंख्य लोक हेच करतात आणि म्हणूनच संध्याकाळी अल इत्तिहाद रस्त्यावर तास-दीड तास गाडी रांगत असते. येथे चर्च आहेत आणि मोकळेपणाने उपासनाही करता येते. परंतु चर्चला घंटेचा मनोरा उभारण्याची मुभा नाही. वार पाळण्याची सवयसुद्धा बदलावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी आली, त्यापूर्वी शुक्रवारी सुट्टी असे आणि आम्ही रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, शुक्रवारीच ऐकत असू. दर आठवड्याला फोनवर आजीचा पहिला प्रश्न मिस्सेचाच असल्याने शुक्रवार हा रविवार कसा काय होतो, हे तिला समजावण्यात माझे बरेच पैसे खर्च झाले.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये घरातला एसी बंद पडला. येथील ऑगस्टमध्ये रात्रीसुद्धा भिंती गरम लागतात. देखभालीच्या कंत्राटदाराकडून तीन दिवस ‘उद्या माणूस येईल’ एवढेच उत्तर मिळत होते. तिसऱ्या दिवशी, रस्त्यात अडकलेलो असताना, मी फोनवरच्या मुलाला जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. तो ‘सॉरी सर’ म्हणत राहिला आणि मी त्याच्या प्रत्येक ‘सॉरी’वर अधिकच चढत गेलो. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. त्याच वेळी रस्त्याकडेच्या मशिदीतून मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, अजान सुरू झाली आणि का कोण जाणे, अंगणात उभी असलेली आजी डोळ्यांपुढे आली.

गाडी तशीही हलत नव्हती. मी रेडिओ बंद केला आणि कित्येक वर्षांनी आंजेलस म्हटला. दुसरी ओळ आठवेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून. त्याला जोडून ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणताना अपराध्यांना क्षमा करण्याच्या वाक्यापाशी अडखळलो, कारण त्या संध्याकाळचा अपराधी कोण, याविषयी मनात शंका उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी फोन करून मी त्या मुलाची माफी मागितली. त्याला काहीच आठवत नव्हते. दिवसभरात त्याला तसे बोलणारे बरेच असावेत.

तेव्हापासून मगरिबची अजान हीच माझी घंटा झाली आहे. वसईची घंटा बारा महिने सहाला वाजते, येथील हाक मात्र सूर्याबरोबर सरकते. डिसेंबरात ती साडेपाचच्या सुमारास येते, तर जूनअखेर सातच्याही पुढे, त्यामुळे हिवाळ्यात ती मला कार्यालयात गाठते आणि उन्हाळ्यात रस्त्यात. दुसऱ्या धर्माच्या हाकेवर आपली प्रार्थना म्हणणे काहींना विचित्र वाटेल. मला त्यात शेजारधर्मापलीकडे काही दिसत नाही. मन स्थिर झाल्यावर प्रार्थना करू, असे मी वर्षानुवर्षे ठरवत होतो आणि मन काही स्थिर होत नव्हते. आता वेळ झाली की म्हणतो, मग मन कसेही असो. काही दिवशी शेवटच्या ओळीपर्यंत राग तसाच असतो, पण निदान तेवढी दोन मिनिटे तो बोलत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानातील वादळाचा प्रसंग यामुळे मला वेगळा दिसू लागला. आमच्या वसईतल्या पाचूबंदरच्या कोळ्यांना होडीत पाणी शिरणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तशा होडीच्या मागल्या बाजूला प्रभू उशीवर डोके ठेवून झोपला होता. वारा त्याने नंतर शांत केला. प्रवचनांत सगळा भर त्या नंतरच्या चमत्कारावर असतो, माझे लक्ष मात्र त्या उशीवर जाते.

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर घरी गेलो होतो. आजीला आता उभे राहवत नाही. घंटा वाजली की ती खाटेवर बसूनच हात जोडते. शारजात आंजेलसच्या वेळी घंटा कोण वाजवतो, असे तिने विचारले. मी खरे ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, “वेळेवर वाजवतो ना?”